बटन दाबण्याचा मान

आमच्या वसाहतीत फ्रीज विकत कुणीही आणू शकत असे. तो सुरू करायला मात्र सोनकुसरेजी लागत.

ही वसाहत हुडकेश्वर रोडवर होती. आज तिथे घराला घर लागलं आहे, पण सत्तर-पंच्याहत्तर सालच्या सुमाराला नागपूर आमच्या फाटकाशी संपायचं. पुढे संत्र्यांची एक बाग, एक विहीर आणि मग नुसती काळी जमीन. वीजसुद्धा आमच्यापर्यंत येईतो दमलेली असे. संध्याकाळी सगळ्यांनी दिवे लावले की बल्बमधली तार विझत्या निखाऱ्यासारखी लालसर दिसायची. अशा ठिकाणी लोक फ्रीज आणत होते, कारण नागपुरातला मे महिना ज्याने सोसला आहे तो गार पाण्यासाठी वाटेल तो धोका पत्करतो.

धोका कमी करायचं काम सोनकुसरेजींचं. अर्ध्या वसाहतीचे फ्रीज त्यांच्या देखरेखीखाली सुरू झाले. स्वतःच्या घरी मात्र त्यांनी फ्रीज आणला नव्हता. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, मधुमेह होता. रोज सकाळी इन्सुलिन टोचून घेतल्याशिवाय त्यांना घास खाता येत नसे, आणि उन्हाळ्यात ती औषधाची बाटली गारव्याला ठेवावीच लागे. ती राहायची आमच्या फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात, आमच्या लोण्याच्या शेजारी. ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच बिनफ्रीजचा, हे आम्हाला मोठं त्यागाचं लक्षण वाटे. आम्ही किती भाबडे होतो ते पुढे येईलच.

सोनकुसरेजी मेकॅनिक नव्हते. ते सरकारी कचेरीत नाझर होते. नाझर म्हणजे ज्याच्या ताब्यात कचेरीची टेबलं, खुर्च्या, पंखे, सतरंज्या. आणि कुणी मोठा माणूस कशाचं उद्घाटन करायला आला, की फीत, कात्री, तबक आणि हार. आयुष्यभर हे काम करून त्यांचा असा पक्का समज झाला होता, की जगात बिघाड दोनच कारणांनी होतो. एक तर वस्तू चुकीच्या जागी ठेवलेली असते, नाहीतर उद्घाटन चुकीच्या माणसाच्या हातून झालेलं असतं. फ्रीज हे त्यांना असं यंत्र भेटलं होतं, की ज्यात त्यांची दोन्ही शास्त्रं एकत्र आली.

उंच, किडकिडीत माणूस. पांढरा शर्ट, त्याला दोन खिसे. उन्हाळ्यात डाव्या खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा आणि उजव्यात लिंबू. कांदा स्वतःसाठी, लिंबू फ्रीजसाठी. ते कसं, ते सांगतो. पायात बारा महिने जाड रबरी चपला. त्या ते कुठेही काढत नसत, अगदी लोकांच्या स्वयंपाकघरातही. माझ्या आईला हे मुळीच खपत नसे, पण 'टाचेचं दुखणं आहे, डॉक्टरचा हुकूम आहे' असं ते इतक्या दुःखी चेहऱ्याने सांगत, की आई गप्प बसे आणि ते गेल्यावर फरशी पुसून घेई.

आमचा फ्रीज बर्डीच्या बाजारातून बैलबंडीत घालून आला. उभा. सोनकुसरेजींनी दुकानातच बंडीवाल्याला बजावलं होतं, की आडवा केलास तर मजुरी तर सोडच, मी तुलाच आडवा करीन. मग भरउन्हात, फ्रीजला एक हात लावून, ते बंडीबरोबर चालत घरापर्यंत आले. बंडी आमच्या दारात थांबली तेव्हा बघ्यांना वाटलं, आत कुणीतरी आजारी माणूस आहे.

आईने मुहूर्त काढून ठेवला होता. दहीभाताचं पातेलं, कैरीचं पन्हं, सगळं रांगेत तयार. तिने प्लग हातात घेतला मात्र, सोनकुसरेजींनी दारातूनच हात वर केला.

"घाई नका करू, आई. बदली होऊन आलेल्या साहेबाले आल्या आल्या कोणी फाईल देते का? आधी त्याले बसू द्या. हालत-डुलत आला तो. पोटातलं तेल अजून हालून राहिलं त्याचं. ते खाली उतरलं म्हणजे मग काम सांगा."

"पण मुहूर्त टळतोय," आई म्हणाली.

"मुहूर्त त्याचा पहा लागते. आपला नाही."

तो संपूर्ण दिवस फ्रीज आमच्या बैठकीत उभा होता आणि आम्ही त्याच्यासमोर बसून होतो. शेजारपाजारचे येऊन त्याला पाहून गेले. पन्हं गरमच संपलं.

दरम्यान जागेचा विचार झाला. स्वयंपाकघरात शेगडीची धग, म्हणून नको. मागच्या खोलीत खिडकीतून ऊन, म्हणून नको. फ्रीजच्या पाठीमागे वीतभर मोकळी जागा सोडायचीच, कारण त्याची पाठ तापते. "तुमची पाठ तापली अन् तिले कोणी भिंत चिकटवली, तर कसं वाटन?" असं त्यांनी मला विचारलं, आणि मी माझी पाठ भिंतीपासून जरा पुढे घेतली. शेवटी सगळे शास्त्रीय निकष लावून एकच जागा उरली: बैठकीत, दरवाजासमोर, रस्त्यावरून दिसेल अशी. वसाहतीतल्या प्रत्येक घरात शास्त्र शेवटी याच जागेवर येऊन थांबत असे. लोक सोनकुसरेजींना इतके का मानत, याचं थोडं उत्तर यात असावं.

मग लकडगंजहून आणलेला सागवानी स्टॅंड आला. त्यावर फ्रीज चढला आणि खिशातलं लिंबू बाहेर निघालं. ते स्वतः ठेवत नसत. माझ्या हातात देऊन फ्रीजच्या डोक्यावर ठेवायला सांगत आणि दुरून पाहत. लिंबू डावी-उजवीकडे पळता कामा नये. मागच्या बाजूला मात्र अगदी हळू, विचार करत गेलं पाहिजे, म्हणजे दार आपल्या आपण लागतं. त्या लिंबाने आमच्या घराचा उतार सगळ्या गावासमोर उघडा पाडला. स्टॅंडच्या पायाखाली पत्रे सरकवता सरकवता माझी कंबर गेली.

आणि अर्थिंग. हा त्यांचा खरा विषय. प्लग तीन पायांचा, त्याचा तो स्वतंत्र, त्यात इस्त्री नाही, रेडिओ नाही. घरामागे खोल खड्डा, त्यात तांब्याचा पत्रा, भोवती कोळसा आणि मीठ, आणि तिथून आलेली तार थेट प्लगपर्यंत. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं. वायरमन हे सगळं करत असताना सोनकुसरेजी अंगणात खुर्ची टाकून बसत.

"पाणी विसरू नका गा," ते मला म्हणाले. "झाडाले पाणी विसरले तर झाड मरते. याले विसरले तर आपण."

संध्याकाळी सगळं सिद्ध झाल्यावर आला मानाचा क्षण. इथे त्यांच्यातला नाझर जागा होई. नियम असा, की बटन दाबायचा मान तिथे हजर असलेल्यांपैकी सर्वांत वडील माणसाचा. पण ज्याने आधी कुठे हा मान घेतला आहे त्याला पुन्हा नाही. आईच्या हातात कुंकवाची कोयरी दिली गेली. बाकी सगळ्यांना मागे सरकवलं गेलं. सोनकुसरेजी स्वतः तर इतके मागे सरकले, की थेट ओसरीवर पोचले आणि चौकटीबाहेरून म्हणाले, "आता दाबा, आई. निर्धास्त."

आईने बटन दाबलं. फ्रीज घरघरला, बल्ब मंद झाला, आणि टाळ्यांचा पहिला आवाज ओसरीवरून आला.

"आजची रात्र रिकामाच चालू द्या त्याले," ते म्हणाले आणि निघून गेले. एवढं सगळं करून श्रेयाच्या वेळी उंबऱ्याबाहेर उभा राहणारा माणूस! आईने त्या दिवशी फरशी पुसली नाही.

त्यांची कीर्ती खरी पसरली ती ठेकेदार भैयालालजींच्या घरामुळे. भैयालालजींचा बंगला मोठा, फ्रीज मोठा आणि आग्रहही मोठा. त्यांनी हार आणला होता. तो सोनकुसरेजींच्या गळ्यात घालून ते म्हणाले, "आज बटन तो आप ही दबाएँगे."

आम्ही सगळे जमलो होतो. सोनकुसरेजींच्या कपाळावर घाम आला. आम्हाला वाटलं, संकोच. ते म्हणाले, आधी खड्डा पाहतो. भैयालालजी म्हणाले, खड्डा कालच झाला, वरून फरशी बसवली. सोनकुसरेजी म्हणाले, फरशी काढा. आता नवी फरशी कुणाला काढावीशी वाटेल? पण पाहुण्यांसमोर नाही म्हणता येईना. फरशी निघाली, माती निघाली, आणि आत पाहिलं तर अर्थिंगची तार खड्ड्यापर्यंत आलेली होती आणि तिथे मातीत नुसती खोचून ठेवली होती. तांब्याच्या पत्र्याशी तिची ओळखसुद्धा झालेली नव्हती. वायरमनने घाबरून प्लगही उघडून पाहिला, तर तिथे तारा अदलाबदल झालेल्या. बटन दाबून कुणी दाराला हात लावला असता, तर त्याचा पुढचा मुक्काम मेडिकल हॉस्पिटलातच झाला असता. भैयालालजींच्या सुनेने तिथल्या तिथे सोनकुसरेजींच्या पाया पडून घेतलं.

हे सगळं निस्तरेपर्यंत संध्याकाळ झाली आणि भैयालालजींची म्हातारी आत्या गोंदियाहून येऊन पोचली. सोनकुसरेजींनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून तिच्या गळ्यात घातला, मान तिला दिला आणि ओसरीवर गेले. परत येताना सगळे म्हणत होते, माणसाला हारसुद्धा नको.

आमच्या घरी ते रोज सकाळी यायचे, काकूंच्या बाटलीसाठी. काकू सकाळी पूजेत असत, म्हणून हे काम त्यांचं. ओसरीवर उभे राहून ते माझ्या बायकोला, नलिनीला, हाक मारायचे, "वहिनी, जरा दार उघडता?" फ्रीज दोन पावलांवर, पण हात लावायचे नाहीत. दुसऱ्याच्या घरचं कपाट आपण उघडू नये, असं त्यांचं म्हणणं. नलिनी बाटली काढून देई, काकूंचं टोचून झालं की ते बाटली परत आणत, नलिनी ती आत ठेवी. नलिनीला हा सभ्यपणाचा कळस वाटे. माझ्या मित्रांनी आमचा फ्रीज न विचारता उघडला की मला सोनकुसरेजींचं उदाहरण ऐकावं लागे.

तुमच्या घरी का नाही आणत, असं मी त्यांना अधूनमधून विचारायचो. तेव्हा त्यांच्या घराइतकं नालायक घर नागपुरात नसे. बैठक पश्चिमेची. फरशी उताराची. मागची माती मुरमाड, तिच्यात ओल टिकत नाही. "लिंबू टाकून पाहिलं गा मी. थेट मोरीत गेलं," ते म्हणत. काकू पदराने चेहरा पुसत ऐकायच्या. एकदाच म्हणाल्या, "माया नशिबात लोकायच्या लोण्याचा शेजार हाय," आणि हसल्या. सोनकुसरेजी हसले नाहीत.

मग तो मे महिना आला. माझ्या बहिणीचं लग्न मौद्याला निघालं आणि आम्ही सगळे आठवडाभरासाठी गेलो. वसाहत जवळजवळ रिकामीच होती, जो तो आपापल्या गावी. त्यात काकूंचा पाय मोरीत घसरून मुरगळला होता, प्लास्टर घातलं होतं. बाटली आमच्याच फ्रीजमध्ये. किल्ली आम्ही सोनकुसरेजींच्या हातात दिली आणि नलिनी म्हणाली, आता कुणाला हाक मारायची गरज नाही, आपलंच घर समजा.

आम्ही परत आलो, तर फाटकाशी दूधवाला भेटला. म्हणाला, "साहेब, तुमच्या फ्रीजचं दार म्या उघडलं. काकाजीनं मान देल्ला." मला वाटलं, काहीतरी गैरसमज आहे. दुपारी पोस्टमन आला. तो संकोचून म्हणाला की फ्रीज छान आहे, फक्त खालच्या कप्प्यातली कोथिंबीर काढून टाका. संध्याकाळी कुल्फीवाल्याने गाडी थांबवून आमच्या बर्फाच्या ट्रेबद्दल आपलं मत दिलं. ते चांगलं नव्हतं. आमच्या फ्रीजमध्ये काय काय आहे, हे आठवडाभरात हुडकेश्वर रोडला तोंडपाठ झालं होतं. सोनकुसरेजी रोज सकाळी किल्ली घेऊन आमच्या फाटकात उभे राहत आणि जो पहिला जाणारा-येणारा दिसेल त्याला सन्मानाने आत नेत.

शेवटच्या दिवशी मात्र कुणी आलं नव्हतं. ते नलिनीला काकूंकडून कळलं, आणि नलिनीने ते मला सांगितलं, तेव्हा आमच्या दोघांच्या डोक्यात सगळी लिंबं एकदम सरळ रेषेत आली.

दूधवाल्याचा त्या दिवशी खाडा होता. रविवार, म्हणून पोस्टमन नाही. झळा सुरू झाल्या, रस्ता मोकळा पडला. काकू घरी उपाशी, कारण टोचल्याशिवाय खायचं नाही. सोनकुसरेजी आमच्या बैठकीत, फ्रीजसमोर. एकदा छत्रीच्या लाकडी दांड्याने दार उघडायचा प्रयत्न केला, त्याचे ओरखडे आम्ही पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना दाखवले. दार उघडलं नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा काकू प्लास्टरचा पाय ओढत, भिंती धरत, गल्ली ओलांडून आमच्या घरी आल्या. चक्कर येत होती. त्यांनी दार उघडलं, बाटली घेतली आणि नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "चला जी."

"ते भेतेत," काकूंनी नलिनीला सांगितलं. "विजेच्या करंटले. लहानपणापासून."

नलिनी म्हणाली, आम्हाला कधी कळलंच नाही.

"तुमाले आता समजलं. मले लग्नाच्या दुसऱ्या दिवशी समजलं. दिवेलागणी झाली तं म्हणाले, घरची लक्ष्मी आहे, दिवा तिच्याच हातानं लागला पाहिजे. तेव्हापासून रोज मीच लावून राहिली. पंखा मी, रेडिओ मी. मी नसली तं अंधारात बसतेत." मग त्या हळूच म्हणाल्या, "त्यायले सांगू नका वं, का मले माहीत आहे. त्यायले वाटते, मान देऊन राहिलो."

मी त्या रात्री पडल्या पडल्या सगळे फ्रीज आठवून पाहिले. रबरी चपला. ओसरी. दुसऱ्याच्या हातातलं लिंबू. भैयालालजींच्या बंगल्यातली ती फरशी. या माणसाला विजेची जितकी भीती वाटत होती, तितकी आपल्या सगळ्यांना मिळून वाटली नसती. म्हणूनच त्याच्या हातून वसाहतीत कुणाला साधा झटकाही बसला नव्हता.

आठवडा उलटायच्या आत सोनकुसरेजींच्या दारात बंडी उभी राहिली. मुरमाड माती सुधारली होती. म्हणजे दोन टोपल्या कोळसा आणि अर्धं पोतं मीठ. बैठक पश्चिमेचीच राहिली, म्हणून फ्रीज मधल्या खोलीत बसला. लिंबू मोरीत गेलं नाही. खड्डा त्यांनी वायरमनकडून तीनदा उकरून घेतला. मग सगळी वसाहत आत जमली, आणि सोनकुसरेजी मान देण्यासाठी माणूस शोधू लागले.

माझी आई? तिने आमच्याकडे घेतला होता. भैयालालजींची आत्या? तिनेही. एकेका म्हाताऱ्याकडे त्यांची नजर गेली आणि एकेक म्हातारा अभिमानाने मान हलवत गेला, की आपलं बटन झालेलं आहे. त्यांनी गेल्या काही वर्षांत वसाहतीतलं सगळं वार्धक्य संपवून टाकलं होतं. उरलेल्यांत सर्वांत वडील ते स्वतः. नियम त्यांचाच होता आणि तो मोडायची हिंमत त्या खोलीत कुणाचीच नव्हती, सगळ्यात कमी त्यांची.

भैयालालजींनी हार आणलाच होता.

सोनकुसरेजी बटनाकडे पाहत उभे राहिले. मला आणि नलिनीला माहीत होतं, बाकी कुणाला नाही. तेवढ्यात काकू प्लास्टरचा पाय सांभाळत खुर्चीवरून उठल्या.

"एकट्यानं काहून?" त्या म्हणाल्या. "पूजेले बसतो तसं करू ना जी. मी दाबतो, तुम्ही हाताले हात लावा. दोघायचा मान."

सोनकुसरेजींनी मान डोलावली. शास्त्रात बसत होतं. ते पुढे आले.

"अन् चपला काढा," काकू म्हणाल्या. "पूजेत चपला नसतेत."

खोलीत कुणाला यात काही विशेष वाटलं नाही. माझी आई तर 'बरं झालं' अशा नजरेने पाहत होती. सोनकुसरेजी क्षणभर थांबले. मग त्यांनी एक चप्पल काढली, मग दुसरी, आणि त्या उंबऱ्यापाशी नीट जोडून ठेवल्या. अनवाणी पायांनी ते थंड फरशीवर उभे राहिले. गेल्या कित्येक वर्षांत ते पाय आम्ही कुणी पाहिले नव्हते. टाचांना काही झालेलं नव्हतं.

काकूंनी बटनावर बोट ठेवलं. सोनकुसरेजींनी त्यांच्या कोपराला हात लावला. झटका बसणाऱ्या माणसाला जो धरतो त्यालाही झटका बसतो, हे आम्हाला सगळ्यांना त्यांनीच शिकवलं होतं, खुर्च्या मांडून, पुन्हा पुन्हा. त्यांनी डोळे मिटले, पण हात काढला नाही. बोटं उलट घट्ट झाली.

फ्रीज घरघरला. या वेळी टाळ्या आम्हाला सुरू कराव्या लागल्या.

पुढे माझी बदली झाली आणि आम्ही ती वसाहत सोडली. निघायच्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. काकू फ्रीजसमोर उभ्या होत्या, बाटली काढायला दार उघडत होत्या. त्यांचा पाय कधीच बरा झाला होता, आधाराची गरज नव्हती. तरी सोनकुसरेजी मागे उभे होते, डोळे मिटून, त्यांच्या कोपराला हात लावून. चपला उंबऱ्यापाशी होत्या.